किमान साठा

बुधवार, १ जानेवारी २००३

ही डायरी १९९७ सालची आहे. एका पुरवठादाराने दिली होती, तेव्हा वापरली नाही. काल कपाट आवरताना लक्षात आलं की १९९७चे सगळे वार २००३ला तंतोतंत जुळतात. सहा वर्षं जपल्याचं चीज झालं. अशा अजून नऊ डायऱ्या आहेत. १९९८ची २००९मध्ये जुळेल. तोवर ती प्लास्टिकमध्येच राहील.

भांडारात प्रत्येक खणाला चिठ्ठी लावायची सवय, म्हणून डायरीलाही लावतो. तात्याराव, वय छप्पन्न, कारखान्याच्या भांडारात बत्तीस वर्षं, सप्टेंबरपासून स्वेच्छानिवृत्त. स्वेच्छा कुणाची ते विचारू नये. भांडाराचा हिशेब कॉम्प्युटरवर गेला आणि आम्हा आठ माणसांचं काम एक मुलगी करायला लागली, एवढं पुरे.

पहाटे बायकोला, चंपाला, घेऊन भीमा कोरेगावला गेलो, स्तंभाला वंदन केलं. येताना बसची पायरी चुकून ती पडता पडता वाचली. म्हटलं, "बघून उतरावं माणसाने." म्हणाली, "बघूनच उतरले."

नवीन वर्षाचा साठा लिहून ठेवतो. चंपाला काचबिंदू निघालाय. डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायला सांगितलाय. माझ्या कार्डावर कारखान्याच्या दवाखान्यातून महिन्याला एक बाटली मिळते. नोव्हेंबरात तिथलं औषध संपलं आणि नऊ दिवस घरात थेंब नव्हता. ते नऊ दिवस मला घास गोड लागला नाही. तेव्हाच ठरवलं, घरात सहा बाटल्यांचा किमान साठा हवा. महिन्याला एकच मिळते तर साठा होणार कसा? वापर कमी करून. संध्याकाळचा थेंब बंद केला. सकाळचा पुरतो. उघडल्यावर महिन्याने बाटली टाका असं वर छापलंय, पण तो माल खपवायचा धंदा आहे. भरलेली बाटली कोण टाकतं? शिल्लक: एक उघडी, एक सीलबंद.

रविवार, १२ जानेवारी

प्रज्ञेशच्या हिंजवडीच्या कंपनीने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक तो घरी घेऊन आला. रिक्षावाल्याने सामानाचे वेगळे पैसे मागितले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "सामान कुठे, मांडीवर बसलाय तो." माझाच मुलगा.

कॉम्प्युटर समोरच्या खोलीत, चंपाच्या शिलाई मशीनवर ठेवलाय. मशीन गेले दोन-तीन महिने बंदच आहे. सुईत दोरा ओवायचा कंटाळा येतो म्हणते. पूर्वी कंटाळा हा शब्द तिला माहीत नव्हता.

गुरुवार, १६ जानेवारी

प्रज्ञेशने एक खेळ घालून दिलाय. नाव इंग्रजीत आहे, मी त्याला बेट म्हणतो. जहाजातून बासष्ट माणसं एका बेटावर उतरतात. आपण त्यांचे पाटील. माणसं लाकूड तोडतात, धान्य पिकवतात, डोंगरावरून औषधी पाल्याच्या जुड्या आणतात. सगळं एका मोठ्या कोठारात जातं आणि आपण म्हणू तेव्हाच बाहेर येतं.

कोठाराचं चित्र उघडलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. खण, खणावर आकडा, आवक, जावक. कॉम्प्युटरने माझं भांडार खाल्लं होतं. आता त्याच्याच पोटात मला नवं मिळालंय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दवाखान्यातून बाटली आणली. शिल्लक: एक उघडी, दोन सीलबंद.

बेटावर थंडी सुरू झाली. काही माणसांच्या डोक्यावर लाल खूण दिसते, म्हणजे ताप. पाल्याची एक जुडी दिली की खूण जाते. पण एकदा द्यायला लागलो की रोज मागतील, हा भांडारातला अनुभव आहे. शिवाय पुढची थंडी यापेक्षा कडक असेल तर काय करायचं? पाल्याचा किमान साठा मी चारशे धरलाय. तोवर जावक बंद. लाल खुणांकडे सुरुवातीला लक्ष जायचं. आता सवय झाली.

दुपारी चंपाने चहा ओतताना कप हुकवला आणि अर्धा चहा बशीत गेला. तेव्हापासून कपाच्या काठाला बोट लावून ओतते. बोट भाजेल म्हटलं, तर हसली.

रविवार, २ मार्च

मंडईत गेलो होतो. डावीकडून आलेल्या हातगाडीवर चंपा सरळ जाऊन आदळली. हातगाडीवाला म्हणाला, "मावशी, एवढी मोठी गाडी आहे, आता हिला अजून कुठला रंग लावू?" मलाही हसू आलं.

हल्ली ती बाजारात माझी पिशवी धरून चालते. लग्नाला तीस वर्षं होत आल्यावर हिला प्रेम सुचलंय. लोक बघतात, पण मी पिशवी सोडवून घेतली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं.

मंगळवार, १८ मार्च

बेट बुडालं. म्हणजे बेट आहे, माणसं गेली. दुसऱ्या थंडीत ताप पसरला, शेतावर जायला कुणी उरलं नाही आणि बघता बघता पडद्यावर काळी पाटी आली. प्रज्ञेशने वाचून अर्थ सांगितला. वस्ती संपली. धान्य एकवीसशे चाळीस, लाकूड नऊशे, पाला तीनशे अठ्ठ्याऐंशी जुड्या. लोक शून्य.

प्रज्ञेश हसून हसून खाली बसला. "बाबा, कोठार फुल आणि पब्लिक झिरो! तो पाला यूज करायला असतो हो. सेव्ह करून कुणाला देणार होता?"

"चारशे झाल्यावर देणार होतो," मी म्हणालो. "बाराच कमी होत्या."

चंपा आतून म्हणाली, "बिचारी माणसं."

खेळ बनवणाऱ्याची चूक आहे. ज्याने साठा राखला त्याला काहीतरी गुण द्यायला हवेत. प्रज्ञेशला हे कळणार नाही, कारण त्याला १९८६ माहीत नाही. ऑगस्टातली गोष्ट. एक साधी पितळी कडी भांडारात संपली आणि तिच्यासाठी अख्खी लाइन तीन तास उभी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली. तिचं दुःख नाही. पण मोठ्या साहेबाच्या केबिनबाहेर उभा असताना आत कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या माणसाच्या हातात भांडार दिलं की हेच होणार." कोण बोललं ते दिसलं नाही. तेव्हापासून सोळा वर्षं माझ्या भांडारात एकही वस्तू संपली नाही. एकही नाही. ते वाक्य बोलणारा निवृत्त झाला असेल, पण माझ्या कानातून झाला नाही.

नवीन डाव लावला. बासष्ट माणसं पुन्हा उतरली.

सोमवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सकाळी विहारात वंदना झाली. चंपा पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली होती, पण पुस्तिका उघडलीच नाही. नंतर म्हणाली, "अहो, त्या डायऱ्यांतली एक द्या ना. गाथा मोठ्या अक्षरात लिहून काढते. त्या पुस्तिकेतली बारीक अक्षरं फार शोधावी लागतात."

म्हटलं, "त्या डायऱ्यांचे वार यंदा जुळत नाहीत."

"मला वारांशी काय करायचंय?"

"पाठकोरे कागद आहेत की. त्यावर लिही."

 संध्याकाळी ती मिरवणुकीला आली नाही. म्हणाली, दिव्यांनी डोळे दिपतात आणि मग काहीच उमगत नाही. गेल्या वर्षी हीच बाई दोन तास ट्रॅक्टरमागे नाचत होती. वय झालं म्हणायचं.

शिल्लक: एक उघडी, तीन सीलबंद. किमान साठ्याचा निम्मा टप्पा गाठला.

शुक्रवार, १६ मे

बुद्ध पौर्णिमा. खीर उत्तम. मी चंपाच्या डाव्या हाताला बसून दोनदा खीर मागितली, तिने लक्षच दिलं नाही. तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा दचकली. "तुम्ही इथे आहात होय? आवाज बाहेरून आला असं वाटलं." रुसली असेल, डायरीवरून. महिना झाला त्याला. बायकांची स्मरणशक्ती म्हणजे भांडारातलं जुनं रजिस्टर. काही खोडलं जात नाही.

मंगळवार, २० मे

चंपाची तपासणी. डॉक्टर श्यामला मॅडमचा दवाखाना शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर आहे. फेब्रुवारीतली तारीख मी पुढे ढकलली होती. काही त्रास नसताना कशाला जायचं?

आज एक नवीन तपासणी केली. एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, आत कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बाकावर होतो. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या बटणाचा टकटक आवाज सारखा येत होता. चंपा आत गेल्यावर आवाज फार थोडा आला. मधे इतका वेळ काहीच आलं नाही की मला वाटलं, यंत्र बंद पडलं.

मॅडमनी कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात निम्म्याहून जास्त काळं. उजव्यात कडेने. दाबही बराच चढलेला.

"थेंब रोज दोन्ही वेळा घालता ना?" मॅडमनी विचारलं.

 मी बोलण्याआधी चंपा म्हणाली, "हो, न चुकता. हे घड्याळ बघून घालतात."

मी बोललो नाही. हे इथे लिहून ठेवतो, मी बोललो नाही.

मॅडम म्हणाल्या, दोन्ही वेळा थेंब घालूनही दाब उतरत नसेल तर औषध लागू पडत नाही असं समजायचं. ऑपरेशन करू. पुढच्या गुरुवारची, एकोणतीसची तारीख दिली. त्यातही धोका असतो, हे त्यांनी सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, हेही सांगितलं.

जिना उतरताना चंपाने पिशवी धरली. ती का धरते ते मला आज कळलं.

बुधवार, २१ मे

सकाळी विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"डावीकडचं ना? थंडीपासून कमी झालंय."

"मला सांगायचं नाही?"

ती भाकरी थापत होती. "तुम्ही एवढ्या नेटाने बाटल्या साठवत होता. मला वाटलं, पुढे डोळे जास्त बिघडतील तेव्हा लागतील. तेव्हा सांगू."

"आणि काल खोटं का बोललीस?"

"तिच्यासमोर तुम्हाला खाली बघायला लागलं असतं," ती म्हणाली. "तुमच्या हातून काही चुकलं असं चारचौघांत कुणी म्हटलं की तुमचं काय होतं ते मला माहीत आहे. मी सोळा वर्षं बघतेय."

मी उठून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. बेटावर थंडी होती. अकरा लाल खुणा. कोठारात पाला तीनशे दहा. बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला.

गुरुवार, २२ मे

ऑपरेशन झालं तर झाकलं जाईल. कुणाला कळणार नाही. हा विचार आज चार-पाच वेळा आला, तो लिहून ठेवायला लाज वाटते. औषध लागू पडत नाही हे खोटं आहे, औषध तिच्या डोळ्यात गेलंच नाही. ते माझ्या कपाटात आहे. मी माझ्या हाताने तिची नजर सीलबंद करून ठेवली. आणि आता माझं तोंड वाचावं म्हणून ती डोळ्याला कात्री लावून घ्यायला तयार झालीय.

शुक्रवार, २३ मे

सकाळी चारही बाटल्या पिशवीत घालून एकटाच शनिवार पेठेत गेलो. मॅडमच्या टेबलावर त्या ओळीने मांडल्या, तीन सीलबंद, एक उघडी. आणि एका दमात सांगून टाकलं. संध्याकाळचा थेंब नोव्हेंबरपासून बंद आहे. एक बाटली दोन-दोन महिने वापरलीय. बायको खोटं बोलली, माझ्यासाठी. चूक माझी, तिची नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "काका, मी औषध डोळ्यासाठी लिहून दिलं होतं. कपाटासाठी नाही."

मी खाली बघितलं. जमीन स्वच्छ होती. त्यापलीकडे काही झालं नाही. ज्या क्षणाला मी सोळा वर्षं घाबरत होतो तो एवढाच होता.

"कुठे ठेवता या?"

"लोखंडी कपाटात. भिंतीला दुपारचं ऊन लागतं."

त्यांनी चारही बाटल्या उचलून टोपलीत टाकल्या. प्रत्येक पडल्याचा आवाज मी मोजला. मग म्हणाल्या, ऑपरेशन तूर्त थांबवू. आजपासून दोन्ही वेळा ताजं औषध, सहा आठवड्यांनी परत तपासू. "बरं झालं आलात. विनाकारण चिरला असता डोळा."

जिना उतरताना हिशेब केला. घरात एकही बाटली नाही. या महिन्याची कारखान्याच्या दवाखान्यातून घेऊन झालीय, पुढची जूनच्या दोन तारखेला. म्हणजे दहा दिवस थेंब नाही. नोव्हेंबरापेक्षा एक दिवस जास्त. मी खालच्या पायरीवर बसून चपला घालायला लागलो आणि समोर बघितलं.

समोर औषधाचं दुकान आहे. ते काही नवीन निघालेलं नाही, पाटीवर १९७१ लिहिलंय. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हाही मी ह्याच पायरीवर बसून चपला घातल्या होत्या. बत्तीस वर्षं मी वस्तू मागणीपत्रावर घेतली. वस्तू एक तर मिळते, नाहीतर शिल्लक नसते, एवढंच मला ठाऊक. दवाखाना हक्काने देतो ते बाहेर विकतही मिळतं, हे ते नऊ दिवस घास घशाखाली उतरत नव्हता तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही.

चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने हात मागे नेऊन न बघता खोकं काढलं. मागे तसल्या खोक्यांची चळत होती.

"किती देऊ?"

जिभेवर सहा आलं होतं.

"एक," मी म्हणालो. "संपली की परत येईन."

"या. आम्ही कुठे जातोय," तो म्हणाला.

संध्याकाळी आठ वाजता चंपाच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घातला. एक गालावर पडला. तो वाया गेला असं मी म्हणालो नाही. परत घातला. डोळे मिटून ती म्हणाली, "सांगितलंत ना तिला?"

"कसं ओळखलंस?"

"कपाटाचं दार उघडं आहे. हाताला लागलं."

शनिवार, २४ मे

प्रज्ञेशला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता आईच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि हात हलवून बघितला. तिला दिसला नाही. मग तो न जेवता कामावर गेला. शनिवारी त्याला सुट्टी असते.

रविवार, ८ जून

दोन आठवड्यांनी प्रज्ञेश आज माझ्याशी बोलला. म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर लावा. आईला बेट बघायचंय."

चंपाला खुर्चीवर बसवलं, मी तिच्या उजव्या हाताला. हल्ली तिथेच बसतो. तिला माउस धरायला शिकवला. थंडी चालू होती. तिने विचारलं, "लाल खूण म्हणजे आजारी ना? मग ह्यांना द्या की पाला."

"कोठारात तीनशेच उरलाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजारी किती?"

"अकरा."

"मग अडलंय कुठे?"

ती उजवीकडच्यांना देत सुटली. डावीकडची माणसं तिला दिसत नव्हती. ती मी सांगत गेलो. अजून थोडं डावीकडे, विहिरीपाशी एक, झाडाखाली दोघं. तिने कुणाला जुडी दिली, कुणाला धान्य. ज्यांना ताप नव्हता त्यांनाही दिलं, आधीच द्यावं म्हणून. आकडा दोनशेवर आला, ऐंशीवर आला. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो. प्रज्ञेश मागे उभा राहून माझ्याकडेच बघत होता.

थंडी सरली तेव्हा पाला शून्य होता. लोक बासष्ट. एक मूल जन्मलं, त्रेसष्ट. मग ती सगळी डोंगरावर गेली आणि नवा पाला घेऊन आली. सगळी माणसं धडधाकट असली की एका फेरीत कोठार भरतं, हे त्या खेळात होतं. मी चार महिने खेळलो आणि मला ते ठाऊकच नव्हतं, कारण माझी सगळी माणसं एका वेळी धडधाकट कधी नव्हतीच.

सोमवार, ७ जुलै

तपासणी. दाब उतरला. औषध लागू पडतंय, पडतच होतं. ऑपरेशन नको म्हणाल्या. पुन्हा त्या घुमटात डोकं ठेवलं. डावीकडचं काळं होतं तेवढंच आहे. वाढलं नाही, कमीही झालं नाही. कमी होणार नाही, हे मी पंचवीसदा विचारून घेतलं. पंचविसाव्यांदाही उत्तर तेच.

दारात चपला घालताना चंपाला म्हटलं, "माझ्यामुळे गेलं."

"हो," ती म्हणाली. मी वाट बघत होतो की ती काहीतरी जोडेल, तसं नाही, मनाला लावून घेऊ नका, असलं काहीतरी. तिने काही जोडलं नाही. पिशवी धरली आणि म्हणाली, "चला, थेंबाची वेळ चुकेल."

घरी आल्यावर कपाटातून नऊच्या नऊ डायऱ्या काढल्या. प्लास्टिक फाडलं. तिच्यासमोर ठेवल्या आणि जाड टोकाचं पेन आणून दिलं. "यांचे वार जुळत नाहीत," मी म्हणालो.

"मग?"

"काही नाही. लिही."

आता ती खिडकीपाशी बसून १९९८च्या डायरीत गाथा लिहितेय. अक्षर बोटभर उंच, एका पानावर दोनच ओळी. जानेवारी संपला, फेब्रुवारी अर्धा झाला. या गतीने एक डायरी आठवडाभरही पुरणार नाही. मी उजव्या बाजूला बसून पानं धरतोय. कधी ती ओळ डावीकडे कागदाबाहेरच सुरू करते, तेव्हा तिचा हात धरून आत आणतो.